मासे खाणाऱ्यांसाठी मागचा किनारा

मुलुंडमधल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. पहिली एकोणीस वर्षं काम तसं निवांत होतं. धडा मोठ्याने वाचायचा, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे, खालचे प्रश्न सोडवून घ्यायचे. मग शाळेने इंग्रजी माध्यमासाठी नवं बोर्ड आणलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाई एका रात्रीत प्रिन्सिपल मॅडम झाल्या, शिपायांना टाय आले आणि नववीला एक अख्खी कादंबरी आली.

कादंबरी जुनी, जगभर गाजलेली. युद्धाच्या काळात विमान कोसळून शाळकरी मुलं एका निर्मनुष्य बेटावर अडकतात. सोबत एकही मोठं माणूस नाही. आधी ती सभा घेतात, नियम करतात, कामं वाटून घेतात. मग एकेक नियम गळत जातो, मुलं तोंडाला रंग फासून शिकारीला निघतात आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. सगळंच रूपक. मुलं म्हणजे आपण, बेट म्हणजे जग, असं सगळं. मी रविवारी दुपारी वाचायला घेतली ती संध्याकाळी संपवूनच उठले. घरात जेवणं कुणी वाढली, कुणी आवरली, मला पत्ता नाही.

सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं.

"स्टोरी काय आहे? पालक विचारतील."

"मुलं एका बेटावर जातात."

"छान. पिकनिक?"

"सुरुवातीला तसंच वाटतं."

"टीचर्स असतात ना सोबत?"

"नाही, तोच मुद्दा आहे मॅडम. कुणीच मोठं नसतं."

त्यांनी चष्मा काढला. "आणि परत येतात ना सगळी?"

"बरीचशी येतात," मी म्हटलं आणि तास आहे असं सांगून सटकले.

आता ही कादंबरी शिकवायला सुरुवात कशी करायची? त्याच महिन्यात बोर्डाने आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. तिथल्या बाई दर दहा मिनिटांनी एकच सांगत होत्या : मुलांना माहिती देऊ नका, अनुभव द्या. इतकी वर्षं मी माहितीच दिली होती. अनुभव देऊन बघायचं ठरवलं.

बेत सोपा होता. वर्गाला सांगायचं की तुमचं विमान पडलंय, हे बेट आहे, तुमचं तुम्ही बघा. मी बाहेर जाणार. पस्तीस मिनिटं. एरवी मी फळ्याकडे पाठ वळवली तरी नववी 'अ'मध्ये कागदी बाण सुटायचे. पस्तीस मिनिटांत रानटीपणा नक्की उफाळून येईल अशी माझी खात्री होती. मग मी आत येणार आणि म्हणणार, बघा, हीच ती कादंबरी. मी वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

कादंबरीतली मुलं सभेत बोलायची पाळी ठरवायला एक वस्तू हातात घेतात. ज्याच्या हातात ती वस्तू, त्यानेच बोलायचं. मला तसंच काहीतरी हवं होतं. सकाळी निघताना घाईत स्वयंपाकघरात लाटणं दिसलं, ते पर्समध्ये टाकलं.

"मॅडम, विमान इंटरनॅशनल होतं का डोमेस्टिक?" पहिलाच प्रश्न.

"काय फरक पडतो?"

"पासपोर्ट आहे का आमच्याकडे, ते कळायला पाहिजे ना."

"विमान पडलंय रे. जीव वाचलाय तेवढं बघ." मी लाटणं टेबलावर ठेवलं. "हे ज्याच्या हातात असेल तोच बोलेल. वर्गाबाहेर जायचं नाही, हाणामारी नाही. बाकी तुमचं बेट, तुमचे नियम."

आणि मी बाहेर पडून शेजारच्या चित्रकलेच्या खोलीत शिरले. दोन खोल्यांच्या मध्ये जुनं लाकडी घडीचं पार्टिशन आहे. त्याला बोटभर फट आहे. चित्रासाठी ठेवलेली प्लॅस्टरची केळी, सफरचंदं जरा बाजूला सरकवून मी एका बुटक्या स्टुलावर बसले, वही उघडली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं सभ्यता, उजवीकडे रानटीपणा.

माझी सगळी भिस्त शेवटच्या बाकावर होती. तिथल्या चौघांनी माझा आजवर घाम काढला होता. ते चौघं बाकावर डोकं टेकून झोपले. बेट मिळालं, मोठं माणूस नाही, म्हणून त्यांनी झोप काढली. मी वहीत काय लिहावं ते मला कळेना.

पुढच्या बाकावरून एक मुलगा उठला. नेहमी इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. वडील मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीच्या सभांना वडिलांसोबत बसायची त्याला हौस होती. त्याने लाटणं उचललं.

"सगळ्यांनी बसून घ्या. कोरम आहे का बघतो."

कोरम होता. अध्यक्षपदासाठी नावं मागवली, कुणी दिलं नाही, म्हणून तो स्वतःच बिनविरोध निवडून आला. इतक्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने सरळ त्याच्या हातातून लाटणं काढून घेतलं. ही भांडुपच्या टेकडीवर राहायची. बुटकीशी, पण आवाज असा की मैदानावर तिला माइक लागायचा नाही.

"ते अध्यक्ष वगैरे ठीकाय. आधी पाणी बघ रे."

"चारही बाजूंना पाणीच आहे."

"ते तू पी. प्यायचं पाणी बोलतेय मी. झरा धरूया. किती वाजता येतं?"

वर्ग हसला. "झऱ्याला टाइम नसतो गं!"

"सगळ्याला टाइम असतो. आमच्याकडे साडेपाचला येतं, वीस मिनिटं. वीस मिनिटांत आख्खी लाइन भरते, माहितीये? तू भरून दाखव."

कुणी हसलं नाही. तिने मार्कर घेतला आणि फळ्यावर बेट काढलं. मागच्या बाजूला टेकडी, टेकडीवर झरा. वर्गाचे पाच गट केले, प्रत्येकाला नंबर दिला, ड्रम कुठे ठेवायचे, झाकण कशाचं करायचं, कोण आजारी पडलं तर त्याचं पाणी कुणी भरायचं, सगळं दहा मिनिटांत. एक जण म्हणाला, "नंबर तोडला तर?" ती म्हणाली, "तोडून बघ." तेवढ्यावर तो कायदा झाला.

माझा डावा रकाना भरत आला होता. उजवीकडे एक टिंबही नव्हतं. कबूल करते, मी नाराज झाले होते.

मग कुणीतरी विचारलं, कचरा कुठे टाकायचा? आणि सगळा वर्ग एकदम वळून खिडकीजवळच्या एका मुलाकडे बघायला लागला. तो कांजूरमार्गचा. तिथल्या डम्पिंग ग्राउंडवरून वारा आला की त्याच्या घरी खिडक्या लावून बसतात.

"माझ्याकडे काय बघताय? बेटावर तरी दुसरीकडे टाका ना यार!"

ओला आणि सुका वेगळा करायचं ठरलं. मग जागावाटप झालं. समुद्राकडचं घर प्रत्येकाला हवं होतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. सेक्रेटरीच्या मुलाने पार्किंगची जागा आखायला घेतली.

"गाडीच नाहीये आपल्याकडे," कुणीतरी म्हणालं.

"आत्ता नाहीये. नंतर भांडणं होतात."

मला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून मी बसले होते. आणि मग जेवणाचा विषय निघाला.

नारळ झाले, केळी झाली. टेकडीवरची मुलगी म्हणाली, "मासे पकडूया ना. मी साफ करून देईन सगळ्यांचे. मस्त निखाऱ्यावर भाजायचे." दोन-चार जणांनी बाकं वाजवली.

सेक्रेटरीच्या मुलाने शांतपणे हात पुढे केला. तिने लाटणं दिलं.

"एक मिनिट. मला काही प्रॉब्लेम नाही. पण वास येतो. काही लोकांना त्रास होतो. आमच्या सोसायटीत पण चालत नाही. आपण असं करू, की जे मासे खातात त्यांनी मागच्या किनाऱ्यावर राहायचं. तिकडे जागा पण भरपूर आहे. कुणावर राग नाही. नियम सगळ्यांना सारखा."

आवाज चढलेला नव्हता, शब्द वावगा नव्हता. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, हात वर झाले. मी फटीतून बघत होते. वर झालेल्या हातांत एक हात अशा मुलीचा होता, जिच्या डब्यातली जवळ्याची चटणी मी स्वतः चाखली होती. दोन-चार हातांच्या फरकाने ठराव पास झाला. त्याने सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिलं : मासे खाणाऱ्यांसाठी मागचा किनारा. खाली रेघ मारली.

इथे मला माझं सांगायला हवं. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसे भांडुपला आलो. लग्नानंतर काही वर्षांनी मी आणि नवऱ्याने मुलुंडमध्ये घर बघायला सुरुवात केली, शाळा जवळ पडेल म्हणून. एक फ्लॅट मला इतका आवडला होता की पडदे कुठल्या रंगाचे लावायचे तेही ठरवून झालं. खिडकीतून डोंगर दिसायचा. सगळं जुळत आलं आणि एका गृहस्थांनी हसतमुखाने विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं?" नवरा सरळ स्वभावाचा. म्हणाला, "उत्तम! बुधवार-रविवार मासळीबाजार मीच करतो." दोन दिवसांनी निरोप आला की कमिटीला योग्य वाटत नाही. कुणावर राग नाही, असंही होतं त्यात. आम्ही दोघांनी तो विषय घरात पुन्हा कधी काढला नाही. मला वाटलं होतं, मी विसरले.

फळ्यासमोर ती मुलगी उभी होती. रडत नव्हती, चिडलीही नव्हती. नकाशाकडे बघून ती म्हणाली, "चालेल. मागच्या किनाऱ्यावर जातो आम्ही. पण झरा कुठे काढलाय ते बघ."

झरा मागच्या किनाऱ्यावर होता.

"व्हॉल्व्ह माझ्याकडे," ती म्हणाली.

सेक्रेटरीच्या मुलाने एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतच होता.

पण मी थांबले नाही. मी कधी उठले, मला आठवत नाही. दाराने फिरून जावं हे सुचलं नाही. मी पार्टिशनला दोन्ही हातांनी असा धक्का दिला की त्याची एक फळी बिजागरीतून सुटली आणि धाडकन वर्गात आडवी झाली. माझ्यामागून प्लॅस्टरची सफरचंदं गडगडत आत आली. शेवटच्या बाकावरचे चौघं दचकून उठले. मी सेक्रेटरीच्या मुलाच्या हातातून लाटणं हिसकावून घेतलं. म्हणजे बघा, त्याही क्षणी नियम पाळला. आणि इंग्रजीच्या तासाला, नव्या बोर्डाच्या वर्गात, मी आजीच्या मालवणीत सुरू झाले.

"मासे खातत म्हणान माणसां वायट जातत काय रे? तुमच्या बेटार ऱ्हवाक कोणाक हौस आसा? तुमचा बेट तुमका लखलाभ!"

आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लाटणं हवेत होतं तेव्हाच वर्गाचं दार उघडलं. प्रिन्सिपल मॅडम, त्यांच्यामागे आमचे ट्रस्टी आणि त्यांच्यामागे पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी शाळा बघायला आलेली चार-पाच जोडपी. मॅडम मागे बघत बोलत होत्या, "आणि ही आमची नववी. इथे सगळं अनुभवातून शिक्षण..." मग त्यांनी पुढे बघितलं.

कोसळलेली फळी. घरंगळणारं सफरचंद. केस सुटलेली मी.

तेव्हा सेक्रेटरीचा मुलगा एक पाऊल पुढे आला आणि स्वच्छ इंग्रजीत त्याने पाहुण्यांना सांगितलं की आम्ही नवीन कादंबरीची ओळख करून घेत आहोत, आणि मॅडम मानवी स्वभावातल्या रानटीपणाचं प्रात्यक्षिक दाखवत आहेत.

"फारच परिणामकारक," ट्रस्टी म्हणाले. एका आईने दबक्या आवाजात विचारलं, "हे रोज असतं का?" प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "नाही, नाही, सत्रातून एकदाच," आणि सगळ्यांना घेऊन कॉम्प्युटर लॅबकडे गेल्या.

दार बंद झालं. मी खुर्चीत बसले. टेकडीवरच्या मुलीने माझ्यापुढे स्वतःची पाण्याची बाटली ठेवली.

"मॅडम, तुम्ही उगीच आलात," ती म्हणाली. "माझं सेटिंग होत आलं होतं."

"कसलं सेटिंग?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. राहायचं सगळ्यांनी पुढेच. पाणी सगळ्यांना. तो हो बोलणारच होता."

"शुक्रवारला नव्हतो बोललो मी," सेक्रेटरीचा मुलगा म्हणाला.

"बोलणार होतास."

तो गप्प बसला, म्हणजे बोलणार होता. माझ्या वहीत उजव्या रकान्यात लिहायला एकच नाव होतं आणि ते माझं होतं.

संध्याकाळी ऑफिसात व्हायचं ते झालं. फळीचं काय, ती भाषा कुठली होती, लाटणं शाळेत का आणलं, सगळे प्रश्न झाले. चित्रकलेच्या सरांनी एका फुटलेल्या केळ्यावरून माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला. त्या दिवशी शाळा बघायला आलेल्या दोन जोडप्यांनी मात्र मुलांचे प्रवेश आमच्याच शाळेत घेतले, त्यामुळे पुढे कुणी फार ताणलं नाही.

कादंबरी आम्ही दीड-दोन महिने वाचत होतो. मुलांना तिच्यातल्या पोरांचा भयंकर राग यायचा. "यांच्यात लिहून ठेवणारा एक पण नाही?" सेक्रेटरीचा मुलगा वैतागायचा. टेकडीवरची मुलगी दर धड्याला विचारायची, "पण पाणी कोण भरतं यांचं?" आणि लेखकाने ते नीट सांगितलेलं नाही म्हटल्यावर, "पुरुष असणार लेखक," असं म्हणून पान उलटायची. रूपक त्यांना मी समजावण्याआधीच कळलं होतं. फक्त त्यांना वाटत होतं की आपलं बेट यांच्यापेक्षा बरं चाललं असतं.

मग तो भाग आला, जिथे सगळ्यांत शहाणं पण सगळ्यांच्या चेष्टेचं झालेलं पोर मारलं जातं. मीच मोठ्याने वाचत होते. वाचून झालं, घंटा झाली आणि कुणी उठेना. शेवटच्या बाकावरचे चौघंसुद्धा जागे होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सेक्रेटरीचा मुलगा स्टाफरूमच्या दाराशी उभा. मला वाटलं वही तपासायची असेल.

"मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या वर्षी एक फॅमिली आली होती फ्लॅट बघायला. त्यांना नाही म्हणायचं होतं. पप्पांनी ते लेटर मला टाइप करायला दिलं. माझं इंग्लिश चांगलंय ना."

"काय लिहिलंस?"

"तुम्ही आठवीत शिकवलं होतं तसं. नम्र भाषा, थोडक्यात. पप्पा खूश झाले होते." तो बुटाच्या टोकाने फरशी खरवडत होता. "त्यांच्यासोबत माझ्याएवढीच मुलगी होती. तिने वरून डोंगर बघितला आणि खूप वेळ बघतच राहिली."

मी त्याला आमच्या फ्लॅटची गोष्ट सांगितली. पडद्यांच्या रंगासकट सांगितली. घरात इतकी वर्षं न काढलेला विषय चौदा वर्षांच्या पोरापुढे निघाला.

"मग तुम्ही काय केलं?"

"भांडुपलाच घेतलं घर."

"बरं आहे?"

"बरं आहे रे. वारा येतो छान."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "मी पप्पांना काही बोलू का?" मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं. इतक्या वर्षांत मुलांना मी फार कमी वेळा मला ठाऊक नाही असं म्हटलं असेल. तो "ओके मॅडम" म्हणाला आणि गेला.

वडिलांशी तो काय बोलला, बोलला की नाही, हे मी विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी वर्गात गेले तर आठ-दहा जणांचं कोंडाळं करून मुलं एका कागदावर वाकली होती. तो सोसायटीच्या लिफ्टमधल्या नोटिशीचा प्रिंटआउट होता. पाळीव कुत्र्यांना कोणत्या लिफ्टने न्यायचं, अशी काहीतरी सूचना. इंग्रजी इतकं गमतीचं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, कुत्र्यांनी मालकांना साखळी बांधून आणायचं आहे.

"पप्पांनी स्वतः टाइप केलीये," सेक्रेटरीचा मुलगा म्हणाला. "मी आता नाही करत त्यांचं टायपिंग."

"का रे?" टेकडीवरच्या मुलीने विचारलं.

"असंच."

तिने त्याच्या खिशातलं लाल पेन स्वतःच काढून घेतलं. "दे इकडे. आपण फक्त चुका काढू."

त्या तासाला मी व्याकरण घेणार होते. वेगळं काही घ्यायची गरज पडली नाही.